मालतीबाईंच्या पाकातल्या फोडी

मालतीबाईंना सुरतेत घर मिळालं ते जिभेमुळे, आणि ते सोडायची वेळ आली ती हातामुळे.

जिभेची गोष्ट आधी. मालतीबाईंचे यजमान वसंतराव तार ऑफिसात; त्यांची नाशिकहून सुरतेला बदली झाली १९६७च्या जानेवारीत. ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने मोठ्या मनाने आपली मागची पडवी दिली. पहिल्या महिन्यात त्याची बायको "तुमचंच घर आहे हो" म्हणायची. दुसऱ्या महिन्यात काही म्हणेनाशी झाली. तिसऱ्या महिन्यापासून त्या घरातली भांडी फार मोठ्याने पडायला लागली. मालतीबाई शहाण्या होत्या. भांडी कुणासाठी पडतायत हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग घरं बघणं सुरू झालं. एका ठिकाणी पाणी नव्हतं, एका ठिकाणी पाणीच पाणी होतं. अकरावं घर गोपीपुऱ्यातल्या एका शेरीत, म्हणजे गल्लीत, निघालं. तळमजल्यावर मागच्या बाजूला दोन खोल्या, स्वच्छ फरशीचा चौक, पुढे बसायला ओटला. मालकीण चंचळबा वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा मुंबईला झवेरी बाजारात. वय पासष्टच्या पुढचं, अंगाने काडी, पण ओटल्यावर बसल्या की शेरीतली कुत्रीसुद्धा दुसऱ्या कडेने जायची.

"कांदा?" चंचळबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"शिवत नाही," मालतीबाई म्हणाल्या.

शेजारी उभ्या असलेल्या वसंतरावांना ठसका लागला. कालच रात्री त्यांनी पिठल्याबरोबर बुक्कीने फोडलेला अख्खा कांदा खाल्ला होता.

"लसण?"

"नाव काढू नका, बा."

"बटाका?"

इथे मालतीबाई क्षणभर अडखळल्या, पण पडवी डोळ्यांपुढे आली. "बटाट्याने ह्यांना वायूच होतो," त्या म्हणाल्या.

"जमीन नीचेनुं कशुं नहि," चंचळबांनी बजावलं, आणि घर दिलं.

दिला शब्द मालतीबाईंनी पाळला, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. कांद्यालसणाची टोपली त्यांनी पडवीतच ठेवली. गाजर, मुळा, बीट, सगळं बंद केलं. वसंतरावांना कांद्याची तल्लफ आली की ते स्टेशनजवळ जाऊन भजी खायचे आणि घरी शिरण्याआधी दोन पानं चघळायचे. मालतीबाईंना कळायचं. पण तोंडाच्या वासावर मालकिणीने काही अट घातलेली नव्हती.

भांड्यांना सुभद्राबाई मिळाल्या. मूळच्या शिरपूरकडच्या, नवरा कापडाच्या मागावर कामाला. त्या शेरीतली पाच घरं धरायच्या आणि एका घरातली बातमी दुसऱ्या घरात भांड्यांच्या आधी घासून ठेवायच्या. "चांगलं घर मियनं बाई तुम्हाले," त्या म्हणाल्या. "फक्त बाले दुखावू नका."

"मी कशाला दुखावू?" मालतीबाई म्हणाल्या. दुखावण्याचा त्यांचा खरंच काही विचार नव्हता. उलट त्यांना बांचं मन जिंकायचं होतं, आणि मन जिंकायचा मालतीबाईंना एकच रस्ता ठाऊक होता. तो पातेल्यातून जायचा.

आषाढी एकादशी आली. मालतीबाईंच्या माहेरी, कराडला, एकादशीला रताळ्याच्या गोड फोडी व्हायच्या, आणि त्या फोडींत मालतीबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. तूप किती, गूळ कधी, झाकण केव्हा काढायचं, हे त्या बघून नाही, ऐकून ओळखायच्या. पाक आळायला आला की त्याचा आवाज बदलतो; आधी तो कुरकुरतो, मग गप्प होतो. गप्प झाला की उतरवायचं. फोड आतून मऊ, बाहेरून चकचकीत, आणि पातेल्यात पाकाचा टिपूस उरता कामा नये.

तर मालतीबाईंनी दोन मोठी लाल रताळी आणली आणि फोडी केल्या.

आता वाचणारा म्हणेल, अहो, रताळं जमिनीखालीच येतं की! खरं आहे. ते मालतीबाईंनाही ठाऊक होतं. पण जसं डोक्यावर चष्मा असताना माणूस घरभर चष्मा शोधतो, तसं झालं. बटाटा ही भाजी, मुळा ही भाजी. रताळं ही भाजी नव्हेच. रताळं म्हणजे उपवास. ज्या पदार्थाने एकादशी पवित्र होते त्याला कुणाची कसली हरकत असणार? सोवळ्याने केलेल्या त्या फोडी त्यांनी चांदीच्या वाटीत काढल्या, वर वेलदोड्याची पूड भुरभुरली आणि पदर खोचून जिना चढल्या.

"बा, आज माझा उपवास," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमच्यासाठी हे."

चंचळबा माळ ओढत बसल्या होत्या. "उपवास? तो पछी आ शुं?"

"उपवासाचं खायचं."

चंचळबांची माळ थांबली. "उपवासमां खाय?"

"म्हणजे हेच खायचं ना. हे, आणि साबुदाण्याची खिचडी. वरीचे तांदूळ. दाण्याची आमटी. थोडं दही. केळं."

चंचळबा जैन होत्या. त्यांच्याकडे उपवास म्हणजे दिवसभरात उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. "अने उपवास न होय त्यारे शुं खाव छो?" त्यांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. उपवास नसतो तेव्हा ही माणसं खातात तरी काय, अशी त्यांना खरोखरच काळजी वाटली होती.

आमच्यात म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी. पण ते आपण आपल्याला म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या तोंडून त्याचा हिशेब झाला की कान तापतात. ते तापलेले कान झाकत मालतीबाईंनी वाटी पुढे केली. "घ्या तर खरं. सगळं सोवळ्यातलं आहे."

चंचळबांनी वाटीत डोकावून पाहिलं. मग त्या बसल्या जागेवरून उठल्या आणि तीन पावलं मागे सरकल्या. वाटीत पाल असती तरी एवढ्या सरकल्या नसत्या.

"आ तो शक्करियां! मारा घरमां रंधायां?"

त्या क्षणी मालतीबाईंच्या डोक्यावरचा चष्मा नाकावर आला. रताळं. जमीन. नांगर. सगळं एकदम दिसलं. त्यांना तो जिना उतरता येईना की वाटी लपवता येईना.

चंचळबा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. संध्याकाळी खाली आल्या, चौकात उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मालतीबेन, तमे सारा माणस छो. पण पर्युषण पछी बीजुं घर शोधी लेजो."

वसंतरावांना हे सांगितलं तेव्हा ते आधी रताळ्याच्या उरलेल्या फोडी संपवण्यात गुंतले होते. "म्हणजे किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"गणपतीपर्यंत. सात-आठ आठवडे."

"बघू बारावं घर," ते म्हणाले.

मालतीबाईंना बारावं घर नको होतं. चौकातल्या फरशीवर त्यांनी रांगोळीची जागा धरली होती, ओटल्यावर तुळस ठेवली होती. आणि त्याहून आतली गोष्ट म्हणजे त्यांच्या हातची वाटी आजवर कुणी परत पाठवली नव्हती. नणंदेनेसुद्धा नाही. घर जाईल ते जाईल, पण वाटी परत आली हे त्या विसरणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुभद्राबाईंना पाटावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मला सगळं नीट सांगा. काय चालतं आणि काय नाही?"

"आवं माय!" सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "इतलं बी माहीत नई? ह्या लोके जमीनमजारलं काहीच खातस नई. जीव मरस म्हणे. वरलं चालस. दुधी, तोंडली, भोपळा."

"आणि गूळ?"

"गूय चालस. मध नई चालस."

"तूप?"

"तूप ना चालाले काय जायं? तुपवर तर ते जगतस."

झालं. मालतीबाईंनी ठरवलं, तीच फोड, तोच पाक, तीच चकाकी. फक्त फळ जमिनीच्या वरचं. चंचळबांनी आपल्या हातचं एकदा खाल्लं पाहिजे. मग घर राहिलं तर राहिलं.

दुधीने पहिल्या दिवशी दगा दिला. इतकं पाणी सोडलं की गुळाचं सूप झालं. वसंतराव ते वाटीने प्यायले. तोंडली पाकात घातली तर ती रबरासारखी झाली आणि ताटातून उडून भिंतीवर गेली. लाल भोपळा वासाला छान, पण पाक आळेपर्यंत त्याचा लगदा झाला. "हलवा म्हणून चांगला आहे," वसंतराव म्हणाले. "मी हलवा केलेला नाही," मालतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड बघून वसंतरावांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आठवड्यातून तीनदा असं चाललं. तार ऑफिसात डबा उघडला की मंडळी गोळा व्हायची. "आज काय गोड?" एकदा घरी येऊन वसंतराव अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, उद्या कारली पाकात टाकणार असलीस तर आधी सांग. मी रजा टाकतो."

शेवटी कच्चं केळं सापडलं. तेही सरळ नव्हतं. चिरलं की चीक, चीक लागला की बोटं काळी, आणि लोखंडी तव्यावर टाकलं की फोडी काळ्या. पण मालतीबाईंनी धीर सोडला नाही. बोटांना तूप लावून सोलायचं, जाड चकत्या थेट पाण्यात टाकायच्या, पितळेच्या कल्हईच्या पातेल्यात तूप, त्यात चकत्या एकाच थराने. वर ताटली, ताटलीत पाणी. एकदाच उलटायच्या. टोचून बघायचं, पण विळीच्या टोकाने नाही, काडीने. मग चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, दोन थेंब लिंबू. आणि कान लावून बसायचं. कुरकुर, कुरकुर, गप्प. उतरवलं. वसंतरावांनी एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. हात तिसऱ्यांदा पातेल्याकडे गेला. मालतीबाईंनी त्या हातावर चमचा मारला. जमलं होतं.

आता फक्त वर नेऊन द्यायचं. इथे मालतीबाईंना वाटलं होतं, झालं.

पहिल्यांदा त्या दिवेलागणीला गेल्या. ऑफिसातून नवरा आला, चहा झाला, फोडी गरम होत्या. चंचळबांनी खिडकीकडे बोट केलं. "सूरज आथमी गयो." सूर्य मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नसत.

दुसऱ्यांदा मालतीबाईंनी हुशारी केली. संध्याकाळीच करून झाकून ठेवलं आणि सकाळी उन्हं आल्याबरोबर वर नेलं. चंचळबांनी विचारलं, "क्यारे बनाव्युं?"

"काल संध्याकाळी. अगदी ताजं आहे."

"रात रह्युं. वासी," चंचळबा म्हणाल्या, आणि दाराशीच राहिल्या. रात्र उलटलेलं त्यांच्या लेखी शिळं.

तिसऱ्यांदा पहाटे उठून, पाणी कापडाने गाळून, ताजं करून, सूर्य चांगला वर आल्यावर गेल्या. चंचळबांनी वाटीकडे पाहिलं, मग मालतीबाईंकडे. या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर नाही म्हणायचं जिवावर आल्यासारखं काहीतरी होतं. "आजे आठम छे, बेन. लीलोतरी बंध." अष्टमीला त्यांना हिरवं काही, कच्चं केळंसुद्धा, चालत नसे.

मालतीबाई खाली आल्या आणि पायरीवर बसल्या. सुभद्राबाई पातेलं घासत होत्या. "त्यासना पंचांग लई कडक शे, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच खाई टाका नं."

मालतीबाईंनी खाल्लं. वसंतरावांनीही खाल्लं. शेजारच्या शेरीतल्या दोन मराठी घरांनी खाल्लं. सुभद्राबाईंच्या घरी डबा गेला, तिथे मागावरच्या नवऱ्याने "भाजीमा मिरची टाकाले इसरनी का तुनी बाई?" असं विचारून, वर लाल तिखट घालून भाकरीबरोबर खाल्लं. सगळ्या सुरतेने त्या फोडी खाल्ल्या म्हणायला हरकत नाही. एका चंचळबांनी खाल्ल्या नाहीत.

मग पर्युषण लागलं आणि चंचळबांनी अठ्ठाई धरली. आठ दिवस अन्नाचा कण नाही. पासष्टी उलटलेली काडीसारखी बाई, रोज चालत देरासरला, त्यांच्या देवळात, जायची, चालत यायची. मालतीबाई आतल्या खिडकीतून मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राग आला, हा काय हट्ट. पाचव्या दिवशी भीती वाटली. आठव्या दिवशी गणपती होते. मोदक वाफेवर ठेवल्यावर मालतीबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चौकाकडची खिडकी बंद केली आणि फटीत ओलं फडकं कोंबलं. तुपाचा वास वर जाऊ नये म्हणून. वसंतराव घामाघूम झाले. "अगं, गुदमरतोय बाप्पा," ते म्हणाले. "एक दिवस गुदमरला तर काही होत नाही त्याला," मालतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांचं पारणं. शेरीतल्या बायका नटून आल्या होत्या. प्रत्येकीने बांना एकेक चमचा भरवायचा, त्याचं पुण्य मोठं, असं सुभद्राबाईंनी कळवलं. मालतीबाईंना हीच संधी वाटली. उजाडल्यावर आंघोळ करून, गाळलेल्या पाण्यात, केळ्याच्या फोडी झाल्या होत्या. आजवरच्या सगळ्यांत चांगल्या. आज बांची एकही अट मोडत नव्हती. आठम नव्हती, सूर्य होता, वाटी गरम होती. पर्युषण काल संपलं होतं, म्हणजे घराची मुदतही संपली होती. वसंतराव त्याच सकाळी नानपुऱ्यात एक घर बघायला गेले होते.

मालतीबाई रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बायका मुगाचं पाणी चमच्याने भरवत होत्या. एकेक चमचा चंचळबा डोळे मिटून गिळत होत्या. गिळताना गळ्याची शीर दिसत होती. ओठ पांढरे, सुकलेले. मालतीबाईंची पाळी आली. त्यांनी वाटीवरची ताटली उचलली. तूप, गूळ, कच्चं केळं. आणि समोर आठ दिवसांचं रिकामं पोट.

मालतीबाईंच्या सासूबाई आजारातून उठल्या होत्या तेव्हा त्यांना पहिल्या दिवशी काय दिलं होतं, हे मालतीबाईंना आठवलं. पेज. दोन दिवस नुसती पेज. तिसऱ्या दिवशी मऊ भात.

त्यांनी ताटली पुन्हा वाटीवर ठेवली, वाटी मागे जमिनीवर ठेवली, आणि शेजारचा मुगाच्या पाण्याचा चमचा उचलून बांच्या ओठांशी नेला.

चंचळबांनी डोळे उघडले. "वाटकीमां शुं हतुं?"

"काही नाही, बा. आज तुम्हाला पचायचं नाही."

चंचळबांनी तो चमचा घेतला. मालतीबाई वाटी घेऊन खाली आल्या आणि पेटी आवरायला लागल्या, कारण नानपुऱ्याचं घर चांगलं आहे असं सांगत वसंतराव परत आले होते. रविवारपर्यंत होकार द्यायचा होता.

रविवारी सकाळी, उन्हं चौकात आल्यावर, जिन्यावर पावलं वाजली. चंचळबा कठड्याला धरून उतरत होत्या. सरळ मालतीबाईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. "पाटलो आपो," त्या म्हणाल्या. पाट दिला. बसल्या. पदरात दोन कच्ची केळी होती, ती त्यांनी पुढे ठेवली.

"करो. हुं जोउं छुं," म्हणून त्या पातेल्याकडे बघत बसल्या.

पाणी गाळताना मालतीबाईंच्या हातून कापड दोनदा निसटलं. "बीजी वार गाळो," चंचळबा म्हणाल्या. पुन्हा गाळलं. केळी सोलली. "जाडा काप्या," चंचळबा म्हणाल्या. "जाडच लागतात," मालतीबाई म्हणाल्या. तूप पडलं. ताटली ठेवली. दोघी स्टोव्हकडे कान लावून बसल्या. पाक कुरकुरायला लागला. तो गप्प झाला त्या क्षणी मालतीबाईंचा हात पातेल्याकडे गेला आणि चंचळबांनी मान हलवली. त्यांनाही तो आवाज कळत होता.

एक फोड. फुंकून, निववून, चंचळबांनी तोंडात घातली. सावकाश चावली. मालतीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"गोळ ओछो छे," चंचळबा म्हणाल्या.

आता सात आठवडे मालतीबाईंनी खाली मान घातली होती. सूर्य मावळला तरी ऐकलं, शिळं ठरलं तरी ऐकलं, आठम आली तरी ऐकलं. पण गूळ कमी?

"ओछो? बा, ह्याच्यापेक्षा गूळ घातला तर मुंग्यासुद्धा म्हणतील, बाई, पुरे!"

"तमने शुं खबर पडे गोळमां?"

"मला? मी कराडची आहे! आमच्या दारात गुऱ्हाळं लागतात!"

"लागे तो लागे. ओछो ए ओछो." चंचळबांनी दुसरी फोड उचलली. मग तिसरी. "आवता वखते गोळ हुं नाखीश. तमारे हाथ नहि लगाडवानो."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि जिना चढून गेल्या.

आतल्या खोलीतून वसंतराव बाहेर आले. ते दाराआड उभे राहून सगळं ऐकत होते. "पुढच्या वेळी गूळ त्या घालणार म्हणाल्या ना?" त्यांनी विचारलं. "म्हणजे आपण राहायचं?"

"राहायचं म्हणजे? मी आता इथून हलते होय!" मालतीबाईंचा चेहरा स्टोव्हपेक्षा लाल झाला होता. "गूळ ओछो म्हणे! त्या बाईच्या तोंडून 'बरोबर' निघाल्याशिवाय मी हे घर सोडायची नाही. मग सहा महिने लागोत की सहा वर्षं."

वसंतरावांनी पातेल्यातली उरलेली फोड तोंडात टाकली. त्यांच्या मते गूळ चांगला दुप्पट झाला होता. ते नुसते तांब्याभर पाणी प्यायले, चपला घातल्या आणि नानपुऱ्याच्या मालकाला नकार कळवायला निघाले.